गुळ्या आभाळाकडे बघत होता

गुरुजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला तेव्हा भाऊमामा चिडले.

"थांबा हो गुरुजी. एवढी काय घाई? येईल."

"मला कसली घाई?" गुरुजी म्हणाले. "ऊन बघा किती चढलंय. म्हाताऱ्या माणसांना चक्कर यायची."

संगम माहुलीच्या घाटावर नानामामांचा दहावा चालला होता. पिंड मांडून झाले होते, सगळी मंडळी मागे सरून उभी होती आणि कावळा शिवत नव्हता. कावळेच नव्हते असंही नाही. पिंडांच्या पलीकडे घाणेरीचं रान माजलं होतं, त्यातून वर आलेल्या उंबरावर त्यांची ही रांग लागली होती. मधूनच एखादा पंख पसरून खाली यायचा, पिंडापासून हातभर अंतरावर टेकतोय न टेकतोय तोच काहीतरी बिनसल्यासारखा पुन्हा वर जायचा.

मग नेहमीप्रमाणे बोलणं सुरू झालं. गेलेल्या माणसाची इच्छा कशात अडकली असेल ते ओळखायचं आणि मोठ्यानं शब्द द्यायचा, की तो मोकळा होतो. नानामामांचा मुलगा उदय पुण्याहून आला होता. इंजिनिअर माणूस. पण वडिलांच्या पिंडापुढे सगळे सारखेच. हात जोडून तो म्हणाला, "नाना, बंगला विकणार नाही." कावळा आला नाही. "तुमच्या नातवाची, ओंकारची मुंज साताऱ्यातच करू." नाही. भाऊमामांनी, म्हणजे नानामामांच्या धाकट्या भावाने, देवीचं नवरात्र चालवायचा शब्द दिला. कुणीतरी गच्चीवरच्या गुलाबांचं बोललं. कुणी म्हणालं, नाना, तुमची पेटी मोडीत काढणार नाही, भाते बदलून घेऊ. उंबरावरची मंडळी ढिम्म.

मी नानामामांची भाची, वैजयंती. तेव्हा चौतिशीत होते, साताऱ्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि यादोगोपाळ पेठेत दोन खोल्या घेऊन एकटी राहत होते. मी वरच्या पायरीशी, नानामामांच्या फियाटजवळ उभी होते. गाडीत मागच्या सीटवर मामी बसल्या होत्या. बायकांनी खाली उतरायचं नाही असं भाऊमामांनी बजावलं होतं, पण काच खाली होती आणि सगळं ऐकू येत होतं.

गाडीतून आणखी एकजण आला होता. गुळ्या. मामांचा कॉकर स्पॅनियल, रंगाने थेट गुळाच्या ढेपेसारखा. कान एवढे लांब की चालताना स्वतःच्याच कानांवर पाय देईल असं वाटावं, आणि डोळे कायम नुकतंच कुणी रागावल्यासारखे. मामांना याच फियाटमधून दवाखान्यात नेलं होतं. घरी परत आणलं ते मात्र दुसऱ्याच गाडीतून. त्यामुळे गुळ्याच्या हिशेबाने मामा अजून फियाटमधून यायचे होते. तो गाडीतच बसून राहिला होता, जेवायचा तिथेच. सकाळी त्याला बाहेर ओढायचा प्रयत्न झाला, मग "राहू दे, असू दे" म्हणून तसाच आणला. घाटावर दार उघडताच तो उडी मारून घाणेरीत शिरला तो शिरलाच.

"अरे, ते बघा," भाऊमामा एकदम म्हणाले.

उंबराखालच्या मोकळ्या जागेत गुळ्या बसला होता. अगदी ताठ. मान वर, डोळे आभाळाकडे. शेपटीसुद्धा हलत नव्हती.

"मुका जीव," भाऊमामांचा आवाज फाटला. "मघापासून तिसऱ्यांदा बघतोय मी. असा बसतो आणि वर बघत राहतो. नानाला शोधतोय रे."

सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. उदयने तर चष्मा काढून उपरण्याने तोंड पुसलं.

"कुत्र्याचं अजून कुणी बोललं नाही," गुरुजी हळूच म्हणाले.

बंगला, मुंज, नवरात्र हे सगळं बोलायला सोपं होतं. कुत्रा त्याच दिवशी संध्याकाळी कुणाच्या तरी दारात उभा राहणार होता. उदयचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, भाऊमामांच्या घरी सोवळं. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. ऊन डोक्यावर आलं होतं, पोटात कावळे ओरडत होते आणि जे हवे होते ते मात्र येत नव्हते. माझा स्वभाव असा की चारजण गप्प बसले की मला राहवत नाही. मी ताडताड खाली गेले, वळसा घालून गुळ्याचा पट्टा धरला आणि फळ्यासमोर उभं राहून ओरडावं तशी ओरडले, "नानामामा, गुळ्याला मी सांभाळीन!"

त्याला ओढत वर आणलं, गाडीच्या चाकाशी बसवलं आणि मागे कुजबुज झाली. वळून बघते तर कावळा पिंडावर. एक नाही, दोन.

"शिवला! शिवला!" सगळ्यांनी हात जोडले. उदय हुंदके देऊन रडायला लागला. मी मामींना सांगायला वळले. त्या समोर बघत होत्या. त्यांचा हात दाराच्या आतल्या बाजूला फिरत होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी गाडीची काच वर घेतली.

ती त्यांनी का घेतली, हे मला कळलं असं मला वाटलं. सदतीस वर्षं त्या माणसाचं पथ्यपाणी केलं, आणि त्याचा जीव अडकला कुठे, तर कुत्र्यात. कुणाही बाईला लागेल.

माझ्या घरमालकीण बाईंनी गुळ्याला जिन्यात पाहिलं आणि सांगितलं, एक तर तो नाहीतर तू. म्हणून चार दिवसांसाठी मी गुळ्याला घेऊन मामींच्याच बंगल्यात राहायला गेले. कुत्रा मी सांभाळणार होते, मामींना त्याचा त्रास होणार नव्हता, असं ठरलं. ठरवायला काय जातं? मी जन्मात कुत्रा पाळला नव्हता.

मामी गुळ्याचं नाव घेत नसत. त्याला म्हणायच्या, 'यांचा जीव'.

"वैजू, यांचा जीव ताकभात कानांनी जेवतोय बघ. आधी कान बांध त्याचे."

बघते तर खरंच. दोन्ही कान वाडग्यात आणि तोंड मधे. मामा त्याच्या डोक्यावरून जुन्या माकडटोपीचा कापलेला पट्टा चढवायचे, तो मामींनी स्वयंपाकघरातून माझ्याकडे भिरकावला. स्वतः पुढे आल्या नाहीत.

मी शाळेतून आले की गुळ्या आनंदाने सगळं अंग हलवायचा आणि तिथेच दारात शू करायचा. मी ओरडले की पोटावर सरपटत यायचा आणि आणखी करायचा.

"रागावू नकोस," आतून आवाज यायचा. "रागावलं की जास्त करतो यांचा जीव. आल्या आल्या त्याच्याकडे बघू नये. चपला काढाव्या, पाणी प्यावं, मग हाक मारावी. हे तसंच करायचे."

मी तसं केलं. दोन-चार दिवसांत दार कोरडं राहू लागलं.

एकदा माळावरून फिरून आल्यावर तो सारखा डोकं झटकू लागला. एका बाजूला मान वाकडी करून भिंतीला कान घासायचा. मी हात लावायला गेले तर गुरगुरला. गुळ्या आणि गुरगुर! मला वाटलं, झालं, बिथरला हा. मी ओढणी सावरत मागे सरले.

"कुसळ गेलं असेल कानात," मामी उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. "दिवाळीनंतर माळ वाळतो, तेव्हा रोज बघायला लागतं. पायांच्या बोटांत, काखेत, कानात. हे पायरीवर बसून तासभर तेच करायचे. चहा गार व्हायचा माझा."

"मग काढायचं कसं?"

"वर दिसत असेल तर चिमट्याने. आत गेलं असेल तर डॉक्टरकडे ने, आपण खुपसायचं नाही. दुखतंय म्हणून गुरगुरतोय तो. कुणाच्या दुखण्याला असं एकदम हात घातला की काय होणार?"

कुसळ आत गेलंच होतं. गुरांच्या डॉक्टरांनी ते काढलं, थेंब दिले आणि आठवड्याला कान पुसत जा म्हणून सांगितलं. घरी आणलं तर मामी दाराशीच उभ्या. "निघालं?" एवढंच विचारून आत गेल्या. मला तेव्हा नवल वाटलं. ज्याचं तोंड बघायचं नाही, त्याच्या कानातल्या कुसळाची एवढी चौकशी!

मग उदयचा फोन आला. त्याच्या साहेबांचं पाचगणीला फार्महाउस होतं, तिथे मोठं आवार, नोकरमाणसं. ते गुळ्याला ठेवून घ्यायला तयार होते. रविवारी तो गुळ्याला घेऊन जाणार आणि परत येताना आईला पुण्याला नेणार. बंगला विकायचा नाही, फक्त कुलूप लावायचं.

"नेऊ दे की," मामी म्हणाल्या. "तुझीही सुटका."

"मामी, मी शब्द दिलाय. कावळा शिवलाय त्याच्यावर."

"हो. ते माहितीये मला," त्या म्हणाल्या आणि पोळी तव्यावर जोरात टाकली. पण खरं सांगते, मला गुळ्या हवा होता. मी निजले की तो येऊन माझ्या पायावर हनुवटी ठेवायचा, नुसती हनुवटी, बाकी अंग जमिनीवर. माझ्या आयुष्यात तोवर कुणी परवानगी न मागता असं काही केलं नव्हतं. आणि खोल्यांवर परत जायचं तर तो नाही, इथे राहायचं तर हे घरच कुलपात जाणार.

रविवारच्या आधी, शुक्रवारी, मामांचं पहिलं मासिक श्राद्ध आलं. गुरुजी जेवून गेले. मामींनी केळीच्या पानावर वरणभात, वडा, खीर असं थोडं थोडं वाढून ते परसातल्या भिंतीवर ठेवलं आणि मोरीच्या दाराशी उभ्या राहिल्या. शेजारच्या शेवग्यावर कावळे होते. मी पायरीवर बसले होते. गुळ्या खाली अळवात शिरला होता, नुसती पानं हलताना दिसत होती.

एक कावळा भिंतीवर उतरला. उतरला आणि उडाला. दुसरा आला, तोही उडाला.

"नाहीच," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "माझ्या हातचं नकोच त्यांना. तू ठेव हवं तर. नाहीतर यांच्या जिवाला पुढे कर."

"मामी, काहीतरीच काय!"

त्या आत जायला वळल्या. तेवढ्यात गुळ्या अळवातून बाहेर आला आणि टपकन बसला. ताठ, मान वर, डोळे आभाळाकडे. मला एकदम भरून आलं.

"मामी, बघा ना. त्या दिवशी घाटावर पण असाच बसला होता. मामांना शोधतोय."

"शोधतोय कसला!" मामी वळूनही न बघता म्हणाल्या. "पाखरू उडालं की बसायचं, हे शिकवलंय त्याला. यांच्या त्या मेजर मित्राकडे होता ना आधी. ही शिकारी कुत्र्याची जात. झुडपात शिरून पाखरं उठवायची आणि पाखरू उठलं की बसायचं, बंदूकवाल्याच्या मधे यायचं नाही. बंदुका गेल्या, पण मेजरसाहेबांना शिस्त सोडवेना. हे रोज फिरून आले की सांगायचे, आज गुळ्या इतक्या वेळा बस—"

त्या थांबल्या. मोरीच्या दाराची कडी हातात तशीच राहिली.

"घाटावर बसला होता म्हणालीस?"

"हो. भाऊमामांनी तीनदा पाहिला. तुम्हाला गाडीतून दिसलं नसेल."

"त्याच्या आधी कुठे होता तो?"

"घाणेरीत."

"पिंडांच्या मागे?"

माझ्याही डोक्यात उजेड पडायला लागला होता.

"आणि तू त्याला धरून वर आणलंस. मग शिवला."

"मग शिवला," मी म्हणाले.

"धर त्याला," मामी म्हणाल्या.

मी गुळ्याला पायरीवर ओढलं आणि दोन्ही हातांनी मिठी मारून बसले. त्याचं काळीज माझ्या दंडाला धडधडत होतं. शेवग्यावरून एक कावळा उतरला, भिंतीवर दोन उड्या मारल्या, मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं आणि वडा उचलला. त्याच्या मागोमाग बाकीचे.

मामी माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. आधी त्या हसल्या. इतक्या हसल्या की पदर तोंडावर धरावा लागला. "आणि तो भाऊ रडतोय... गुरुजी हात जोडतायत... आणि हा गुलाम सगळ्यांचे कावळे उठवतोय!" मीही हसत सुटले. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी एकटीच हसतेय.

"मामी, म्हणजे बघा ना," मी घाईघाईने म्हणाले, "मामांचा जीव काही गुळ्यात अडकला नव्हता. तुम्ही उगीच मनाला लावून घेतलंत."

"ते कुठे लावून घेतलं मी?" मामी म्हणाल्या. "त्यांचा जीव होताच त्याच्यावर. मलाही ठाऊक होतं. माझाही काय कमी होता? सकाळी त्यांच्या आधी याला दूध मी द्यायची."

"मग त्या दिवशी..."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पान जवळजवळ रिकामं झालं होतं.

"मी गाडीत बसून ऐकत होते ग," त्या म्हणाल्या. "बंगला झाला. मुंज झाली. देवी झाली. म्हटलं, आता माझं येईल. गुलाब झाले. पेटी झाली. मला वाटलं, उदय शेवटी ठेवतोय. मी पदर सावरून बसले. म्हटलं, ऐकून आपल्याला रडू येईल, तर नीट बसावं." त्यांनी नाक पुसलं. "मग तू कुत्र्याचं नाव घेतलंस, आणि कावळा शिवला. सगळे निघालेच की लगेच. संपलं. आईला आम्ही सांभाळू, असं कुणी म्हणालंच नाही. म्हणायची गरजच पडली नाही."

एवढी मोठ्यानं ओरडणारी मी, पण तेव्हा जे म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. गुळ्या माझ्या मिठीतून सुटला, मामींपाशी गेला आणि त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून बसला. त्यांनी पाय काढून घेतला नाही.

"कानाला वास येतोय याच्या," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "पुसले नाहीस ना या आठवड्यात?"

रविवारी उदय आला. गाडीत गुळ्यासाठी गोधडी, पाण्याचं भांडं असं सगळं नीट आणलं होतं; तो काही वाईट मुलगा नव्हता. मामींनी त्याला पोहे दिले, आणि तो निम्म्यावर आल्यावर म्हणाल्या, "गुळ्या कुठे जाणार नाही."

"आई, ठरलंय ना आपलं?"

"ठरलं होतं. पण कावळा शिवला तो वैजूच्या शब्दावर. घाटावर सगळ्यांनी पाहिलं. तूही पाहिलंस. मोडायचा का तो शब्द?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मामींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चेहरा असा की देवळातून उठून आल्यात.

"तू मानतेस हे?" उदय म्हणाला.

"मी नाही रे मानत. पण तुझे वडील मानत असतील तर?"

उदय पोह्यांकडे बघत बसला.

"तेव्हा वैजू इथे राहील," मामी म्हणाल्या. "तिचीही सोय आणि कुत्र्याचीही. घर उघडं राहील. आणि घर उघडं म्हणजे मी इथेच. सणावाराला तू येत जा. मी येईन कधी चार दिवस पुण्याला."

उदय खूप वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्याने एकदा "पण आई" म्हटलं, एकदा सुस्कारा सोडला, आणि निघताना ती गोधडी मात्र ठेवून गेला.

दुपारी मामी घरात कुठे दिसेनात. शोधत मागे गेले तर पत्र्याच्या शेडमध्ये फियाटच्या मागच्या सीटवर त्या बसलेल्या. घाटावरून आल्यापासून त्या गाडीला कुणी हात लावला नव्हता, मामींनी चढवलेली काचसुद्धा तशीच वर होती. गुळ्याचं डोकं त्यांच्या मांडीवर, एक कान उलटा टाकलेला, आणि त्या डोळे बारीक करून आत बघत होत्या. मी काचेशी उभी राहिले. परवापासून जे बोलायचं राहिलं होतं, ते मी बोलून टाकलं. त्यांनी वर पाहिलं, कानाकडे बोट दाखवून ऐकू येत नाही अशी खूण केली आणि हँडल फिरवून काच पूर्ण खाली घेतली.

"काय म्हणतेस?"

"म्हटलं, मामी, तुम्हाला मी सांभाळीन."

"मोठी आलीस सांभाळणारी! चहा नीट करता येत नाही." त्या पुन्हा कानावर वाकल्या. मग वर न बघताच म्हणाल्या, "आणि पुटपुटतेस काय? कुत्र्याच्या वेळी केवढ्यानं ओरडली होतीस. मला आत ऐकू आलं होतं."

मी शेडच्या बाहेर दोन पावलं मागे गेले आणि छाती भरून घेतली.

"मामींना मी सांभाळीन!"

शेवग्यावरचे सगळे कावळे एकदम उडाले. मामींच्या मांडीवरून गुळ्या ताडकन उठला, सीटवर ताठ बसला आणि खिडकीतून मान काढून आभाळाकडे बघू लागला. मामींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. एक हात गुळ्याच्या पाठीवर होता.

"उडाले सगळे," त्या म्हणाल्या. "आता कापूस आण इकडे. दुसरा कान राहिलाय."